पस्तिशीत दहा वर्षांच्या मुलांची पुस्तकं

(रविवारच्या भागाचा हा लिखित मजकूर. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी, आणि लोकलमध्ये ज्यांचं नेटवर्क जातं त्यांच्यासाठी. मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)



मागच्या महिन्यात मी एका पुस्तकांच्या दुकानात गेले होते. मुलांच्या पुस्तकांच्या कपाटापुढे फतकल मारून बसले होते, मांडीवर तीन पुस्तकं. दुकानातले काका आले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "ताई, मुलगा आहे की मुलगी? कितवीत?"

मला मूल नाही. "काका, माझ्यासाठीच बघतेय," एवढं सांगायला काय हरकत होती? पण माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? "मुलगी. पाचवीत आहे."

झालं, फसले. काका विचारायला लागले, तिला काय आवडतं. मी म्हटलं, तिला शाळेतल्या गोष्टी आवडतात. डबा खाताना कोण कुणाच्या शेजारी बसतं यावरून भांडणं होतात, तसल्या. आणि त्यात एखादं मूल बाकीच्यांपेक्षा वेगळं असेल तर फारच आवडतं. काका खूश. म्हणाले, "समजूतदार दिसतेय हो तुमची मुलगी." आणि मी चक्क लाजले.

तर आजचा भाग म्हणजे त्या थापेची कबुली आहे. माझं वय ३४. नोकरी करते, बदलापूर ते दादर रोज लोकलने जाते-येते, आणि गेली तीनेक वर्षं जास्त करून आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचते. इंग्रजीत याला 'मिडल-ग्रेड' म्हणतात. आपल्याकडे बालसाहित्य आणि कुमारसाहित्य यांच्या मधलं काहीतरी. आणि त्यातही मला 'वैविध्यपूर्ण आणि सर्वसमावेशक' पुस्तकं आवडतात. किती सरकारी जाहिरातीसारखा शब्द आहे ना हा, सर्वसमावेशक! त्याचा साधा अर्थ असा की जी मुलं आतापर्यंत गोष्टीत नसायचीच, किंवा असली तर मागच्या रांगेत असायची, ती इथे नायक असतात. ऐकू न येणारं मूल, परदेशातून आलेलं, गरीब घरातलं, वेगळ्या रंगाचं, दोन धर्मांच्या आईबापांचं.

लोक विचारतात, मोठ्या बाईला यात काय मिळतं? मी आधी सांगायचे, प्रकरणं छोटी असतात, कल्याण ते डोंबिवलीत एक संपतं. ते खरंच आहे. पण पूर्ण खरं नाही. पूर्ण खरं सांगायला मला माझ्या शाळेतल्या एका बाकापासून सुरुवात करावी लागेल.

सहावीत माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. तिला कमी ऐकू यायचं. तिच्या युनिफॉर्मच्या खिशात एक डबी असायची, काडेपेटीपेक्षा जरा मोठी, आणि तिच्यातून निघालेली वायर कानापर्यंत जायची. आम्ही सगळे त्याला 'मशीन' म्हणायचो. बाईंनी मला मुद्दाम तिच्या शेजारी बसवलं होतं, कारण मी शहाणी मुलगी. मी तिला वही दाखवायचे. बाई काय म्हणाल्या ते परत सांगायचे, एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने. "उद्या! गणिताची! वही! आणायची!" ती मान हलवायची. तिचा हात सारखा त्या खिशातल्या डबीवर असायचा. मला वाटायचं आवाज कमी-जास्त करत असेल. वर्षाच्या शेवटी बाईंनी सगळ्या वर्गासमोर माझं कौतुक केलं. 'मदत करणारी मुलगी.' टाळ्या वाजल्या. ती पण टाळ्या वाजवत होती.

ही माझी खूप लाडकी आठवण होती बरं का. मी ती इंटरव्ह्यूमध्येसुद्धा सांगितली आहे.

तेव्हा मी काय वाचायचे? गोट्या, फास्टर फेणे, बोक्या सातबंडे. तिघांवर माझं आजही प्रेम आहे, त्यांच्याबद्दल वाकडं ऐकून घेणार नाही. पण माझ्या बाकावरची मुलगी मला त्या वाचनात कुठे भेटली नाही. भेटली ती पहिल्यांदा आठवीत, 'तोत्तोचान'मध्ये. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी वाचला असेल. तेत्सुको कुरोयानागी यांच्या स्वतःच्या बालपणीच्या आठवणी आहेत त्या, कादंबरी नाही. त्यात यासुआकी-चान नावाचा पोलिओ झालेला मुलगा आहे, आणि तोत्तोचान त्याला तिच्या झाडावर चढवते. शिडी आणते, ढकलते, ओढते, घामाघूम होते, पण चढवते. मी रडले होते ते वाचून. आणि मनात म्हटलं होतं, अरे, ही तर मी!

वीस वर्षं मी या समजात होते.

मग तीन वर्षांपूर्वी माझी भाची, ती तेव्हा दहाची, एक पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाली, "मावशी, हे वाच. पण परत दे, लायब्ररीचं आहे." सीसी बेल यांचं 'एल डेफो'. चित्रकादंबरी आहे, २०१४ मध्ये आलेली. पुढच्या वर्षी तिला न्यूबेरी ऑनर मिळाला. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांसाठी न्यूबेरी हे फार मोठं नाव. पुस्तकातली सगळी माणसं ससे आहेत. लांब कानांचे ससे, कारण गोष्ट कानांची आहे. सीसी बेल यांना चार वर्षांच्या असताना मेंदूज्वर झाला आणि ऐकू येणं जवळजवळ गेलं. ही त्यांचीच गोष्ट.

लेडीज डब्यात मी ते उघडलं. शेजारच्या ताई डोकावून म्हणाल्या, "मुलीचं का?" मी म्हटलं, "भाचीचं." यावेळी निदान खरं बोलले.

या पुस्तकात एक गोष्ट इतकी साधी आणि इतकी अचूक केली आहे की मला अजून तिचं नवल वाटतं. चित्रकथेत माणसं बोलतात तेव्हा डोक्यावर फुगा असतो ना, त्यात शब्द असतात. सीसीला ऐकू येत नाही तेव्हा तो फुगा रिकामा असतो. समोरचा बोलतोय, तोंड हलतंय, फुगा कोरा. आणि यंत्राची बॅटरी संपत आली की फुग्यातली अक्षरं फिकट फिकट होत जातात. ऐकू न येणं म्हणजे काय यावर कुणी दहा पानं लिहिली असती तरी मला एवढं कळलं नसतं. २०२२ मध्ये याची एक छोटी ॲनिमेटेड मालिका आली, तिच्यात हेच आवाजाने केलंय. पण माझं मत विचाराल तर आधी पुस्तक वाचा.

सीसी छातीवर पट्ट्यांनी बांधलेलं एक भलंमोठं यंत्र घालून शाळेत जाते. 'फॉनिक इअर'. बाईंच्या गळ्यात मायक्रोफोन. गंमत अशी की बाई तो काढायला विसरतात, आणि त्या शिक्षकांच्या खोलीत गेल्या, अगदी बाथरूमला गेल्या, तरी सीसीला वर्गात बसून सगळं ऐकू येतं! मग तिला वाटतं, ही तर सुपरपॉवर आहे. ती मनातल्या मनात स्वतःला सुपरहिरो करते, त्या सुपरहिरोचं नाव 'एल डेफो'. मी डब्यात एकटीच फिदीफिदी हसत होते.

आणि मग जिनी आली. जिनी ही सीसीची मैत्रीण. चांगली मुलगी आहे, मनाने खरंच चांगली. फक्त ती सीसीशी बोलते ते हळू... हळू... आणि खूप मोठ्याने. सीसीला ते अजिबात सहन होत नाही. आवाज वाढवून, ओठ ताणून बोललं की उलट कळेनासं होतं. ओठ वाचणाऱ्याला माणसाने नेहमीसारखं बोललेलं हवं असतं. पण जिनीला सांगणार कसं? ती मदत करतेय ना!

मंडळी, मी पुस्तक मिटलं. गाडी विठ्ठलवाडीला होती. मला चक्क घाम फुटला होता.

कारण मी तोत्तोचान नव्हते. मी जिनी होते. आणि आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. तोत्तोचानने यासुआकी-चानला झाडावर चढवायचा बेत घरी कुणाला कळू दिला नव्हता. ते दोघांचं गुपित होतं. मी मात्र रोज बाईंकडे बघून "उद्या! गणिताची! वही!" करायचे.

म्हणजे आता लक्षात आलं ना, मी काय म्हणतेय ते? मुलं ही पुस्तकं वाचतात आणि नायकाच्या जागी स्वतःला बघतात. बघायलाच हवं, पुस्तकं त्यांच्यासाठीच आहेत. पण मोठ्या माणसाला यात जी मजा येते, मजा म्हणू की अजून काही म्हणू, ती बाजूच्या माणसांमुळे. मैत्रिणी, शिक्षक, आईबाप, शेजारी. त्यांच्यात आपण सापडतो. कधी कधी नको तिथे सापडतो.

अमेरिकेत रुडीन सिम्स बिशप नावाच्या अभ्यासक आहेत. १९९० मध्ये त्यांनी एक छोटासा लेख लिहिला, आणि या विषयावर बोलणारं प्रत्येक जण त्यांचं नाव घेतंच. त्यांचं म्हणणं, पुस्तक म्हणजे कधी खिडकी असते, दुसऱ्याचं जग दाखवणारी. कधी सरकतं दार, आत जाता येतं असं. आणि कधी आरसा. लोक बहुतेक एवढंच सांगतात. पण त्यांनी आणखी एक गोष्ट म्हटली आहे, उजेड नेमका तसा पडला तर खिडकीचाच आरसा होतो. हे लोकलने रात्री घरी येणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. अंधार पडल्यावर खिडकीच्या काचेत बाहेरचं दिसत नाही, आपलंच तोंड दिसतं. दमलेलं.

ही पुस्तकं आता एवढी दिसतात, पण फार जुनी गोष्ट नाही हं. १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक नावाच्या बाईंनी अमेरिकेतली तीन वर्षांतली मुलांची ५,२०६ पुस्तकं तपासली. त्यातल्या फक्त ३४९ पुस्तकांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती, मजकुरात किंवा चित्रात. त्यांच्या लेखाची सुरुवातच एका पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीच्या प्रश्नाने होते. चित्रांच्या पुस्तकात सगळी मुलं गोरीच का, असं ती विचारते. आणि तुम्हाला वाटेल, झाली की साठ वर्षं त्याला. तर २०१३ च्या सुमारे ३,२०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीयांबद्दलची होती ९३. वॉल्टर डीन मायर्स या लेखकाने २०१४ मध्ये हा आकडा वर्तमानपत्रात मांडला, त्याच वर्षी 'वी नीड डायव्हर्स बुक्स' ही मोहीम उभी राहिली. मी वाचते ती बरीचशी पुस्तकं त्या आसपासची किंवा नंतरची आहेत. आकडे बास.

परत लाजेकडे येऊ. कारण या लाजेतून चक्क एक अख्खी कादंबरी जन्माला आली आहे.

आर. जे. पॅलासिओ यांचं 'वंडर', २०१२ चं. तुमच्यातल्या अनेकांनी सिनेमा बघितला असेल. ऑगी पुलमन, चेहऱ्याची जन्मजात वेगळी ठेवण असलेला दहा वर्षांचा मुलगा, पहिल्यांदा शाळेत जातो. हे पुस्तक सुचलं कसं, ते लेखिकेने स्वतः सांगितलं आहे. त्या आपल्या दोन मुलांना घेऊन आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर होत्या. शेजारी एक मुलगी बसली होती, तिचा चेहरा असाच वेगळा. लेखिकेचा धाकटा मुलगा तिला बघून रडायला लागला. त्या मुलीला वाईट वाटू नये म्हणून या घाईघाईने मुलांना घेऊन तिथून निघून गेल्या. आणि मग दिवसभर स्वतःवर चिडल्या. दोन शब्द बोलता आले असते की. त्या रात्रीच लिहायला बसल्या.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ते पुस्तक एका मोठ्या बाईने स्वतःच्या पळून जाण्याबद्दल लिहिलंय. म्हणून त्यात पळून जाणारी माणसं इतकी बरोबर उतरली आहेत. पुस्तक एकट्या ऑगीच्या तोंडून नाही. त्याची बहीण व्हिया बोलते, मित्र जॅक बोलतो, इतरही बोलतात. मला सगळ्यात आवडतो तो व्हियाचा भाग. घरातलं सगळं कायम भावाभोवती फिरतं, हे तिला मान्य आहे. त्याच्यावर तिचा जीव आहे. पण ती नव्या शाळेत जाते, तिथे तिचा भाऊ कसा दिसतो हे कुणालाच माहीत नाही, आणि तिला बरं वाटतं. त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटते. घरात आजारी किंवा अपंग भावंड असलेल्या माणसाला विचारा, हे किती खरं आहे. अशी माणसं मोठी होऊन आपल्याबरोबर ऑफिसात बसलेली असतात, बोलत नाहीत फक्त.

'वंडर'वर टीकाही झाली आहे, आणि ती मला पटते. अनेक अपंग वाचकांचं म्हणणं असं की शेवटी ऑगीला बक्षीस मिळतं ते नक्की कशाचं? सगळ्यांना चांगलं वाटायला लावल्याचं? सिनेमात तर चेहऱ्यात काही वेगळं नसलेल्या मुलालाच मेकअप करून ऑगी केलं. 'वंडर' आणि 'एल डेफो' लागोपाठ वाचलीत की फरक कळतो. 'वंडर' खिडकीच्या बाहेरून लिहिलंय, फार प्रामाणिकपणे, पण बाहेरून. सीसी बेल आतून लिहितात. त्यांची नायिका चिडते, खोटं बोलते, हट्ट करते. तिला कुणालाही शहाणं करायचं नाहीये. तिला फक्त एक धड मैत्रीण हवी आहे.

खरं तर या प्रकारातली कंटाळवाणी पुस्तकंही मी भरपूर वाचली आहेत. एका वर्गात पाच मुलं, प्रत्येकाला एकेक प्रश्न वाटून दिलेला, शेवटी सगळी मिळून झाड लावतात. नागरिकशास्त्राचा धडा! त्याच्यासाठी बालभारती पुरेशी आहे. जेरी क्राफ्ट यांच्या 'न्यू किड'मध्ये याची मस्त खिल्ली उडवली आहे. ही पण चित्रकादंबरी, २०१९ ची, आणि न्यूबेरी पदक मिळवणारी पहिलीच चित्रकादंबरी. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्समधला जॉर्डन बँक्स, वय बारा, एका श्रीमंत खाजगी शाळेत जातो, तिथे बहुतेक मुलं गोरी. तिथे कृष्णवर्णीय मुलांना वाचायला काय सुचवतात, तर गल्लीतली गुंडगिरी, दुःख, गरिबी. गोऱ्या मुलांना जादू आणि साहसं. जॉर्डनला कार्टून काढायची आहेत, खिडकीत बसून दुःख करत बसायचं नाहीये.

त्या शाळेत एक बाई आहेत, त्या ड्रू नावाच्या मुलाला सारखं दुसऱ्याच एका कृष्णवर्णीय मुलाच्या नावाने हाक मारतात. वाईट नाहीत. त्यांना आपण काय करतोय हे कळतच नाही. परत तेच बघा, बाजूचं माणूस! आमच्या ऑफिसात ईशान्येकडच्या दोन मुली आहेत. मी पहिले दोन महिने एकीला दुसरीच्या नावाने मेल पाठवत होते. आणि हसण्यावारी नेत होते. (आता कमेंटमध्ये मला झोडू नका, मी माफी मागितली आहे. दोघींची. नीट नावं घेऊन.)

२०२१ मध्ये टेक्ससमधल्या केटी गावच्या शाळांनी काही पालकांच्या तक्रारीवरून हे पुस्तक काही दिवस लायब्ररीतून काढून ठेवलं होतं, मग परत ठेवलं. एवढ्या हसऱ्या पुस्तकाची एवढी भीती वाटली, म्हणजे ते कुठेतरी बरोबर लागलं असणार.

आता केली यांग यांचं 'फ्रंट डेस्क', २०१८ चं. आजच्या भागातून एकच पुस्तक घ्यायचं असेल आणि चित्रकथा नको असेल, तर हे घ्या. दहा वर्षांची मिया टांग. आईबाप चीनमधून अमेरिकेत आलेले, कॅलिफोर्नियात एका मोटेलमध्ये कामाला. आईबाप खोल्या साफ करतात, चादरी धुतात, आणि मिया काउंटरवर बसते. खुर्चीत नीट पोचत नाही अशी मुलगी गिऱ्हाइकांना किल्ल्या देते! लेखिकेचं स्वतःचं बालपण असंच गेलेलं आहे. मियाला लिहायचं असतं. तिची आई म्हणते, गणित कर, इंग्रजीत तू गाड्यांच्या शर्यतीतली सायकल आहेस. मराठी माध्यमातून कॉलेजला गेलेल्यांनी हे वाक्य ऐकताना आपापली सायकल आठवावी. मला माझी आठवली. ज्युनियर कॉलेजच्या पहिल्या दिवशी "प्रेझेंट मॅम" म्हणायची मी मनात तीनदा रिहर्सल केली होती.

पण या पुस्तकात मला धरून ठेवलं ते मिस्टर याओ यांनी. मोटेलचे मालक. तेही बाहेरूनच आलेले, तैवानचे. मियाच्या आईबापांना वाटतं, आपल्यातलाच माणूस आहे, सांभाळून घेईल. आणि तोच माणूस त्यांना पिळून काढतो, ठरलेले पैसे कापतो. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना खोली देऊ नका म्हणतो. एक गाडी चोरीला जाते तेव्हा हँक या कायम राहणाऱ्या कृष्णवर्णीय गिऱ्हाइकावर संशय जातो, पुराव्याशिवाय. त्याच्या बाजूने उभी राहते दहा वर्षांची मिया. तिच्याकडे काय आहे? पेन्सिल. ती पत्रं लिहिते.

हे वाचत होते त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीची मीटिंग होती. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने जाणार होता. मालकांनी भाडेकरूचं आडनाव सांगितलं आणि कुणीतरी म्हणालं, "नको, आपल्या बिल्डिंगमध्ये तसले लोक नकोत." तसले म्हणजे कसले, कुणी विचारलं नाही. मी पण नाही विचारलं. मी मोबाइल बघत होते. खरं तर मोबाइलवर काहीच नव्हतं, मी नुसती स्क्रीन वर-खाली करत होते. वर घरी आले, टेबलावर 'फ्रंट डेस्क' पालथं पडलेलं. त्या रात्री मला पुढचं पान वाचवेना.

पुढच्या मीटिंगला मी बोलले का? बोलले. आवाज थरथरत होता, वाक्य अर्धवट राहिलं, आणि तोपर्यंत तो फ्लॅट दुसऱ्याच कुणाला गेला होता. मियासारखं काही झालं नाही. मियाच्या पुस्तकातही सगळं पत्राने सुटत नाही म्हणा.

वेळ होत आलाय, पण आपल्या जवळचं एक पुस्तक सांगितल्याशिवाय सोडणार नाही. वीरा हिरानंदानी यांचं 'द नाइट डायरी', २०१८. सिंधमधलं मीरपूर खास, १९४७. निशा बारा वर्षांची. वडील हिंदू डॉक्टर. आई मुसलमान होती, ती जुळ्यांच्या जन्माच्या वेळीच गेली. निशा फार कमी बोलते, पण रोज रात्री आईला डायरीत पत्र लिहिते. तिचा जुळा भाऊ अमिल याला अक्षरं नीट लागत नाहीत, तो चित्रं छान काढतो, आणि वडील त्याच्यावर चिडतात. घरातला स्वयंपाकी काझी मुसलमान आहे, आणि निशाचं सगळ्यात जवळचं माणूस तोच. मग फाळणी होते. निशाला प्रश्न पडतो की मी अर्धी अर्धी आहे, मग मी जायचं कुठे? लेखिकेच्या वडिलांचं कुटुंब मीरपूर खासचंच.

माझी गाडी रोज उल्हासनगरवरून जाते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांमध्ये सिंधी निर्वासितांना ठेवलं होतं, १९४९ मध्ये त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. हे मला माहीत होतं, जनरल नॉलेज म्हणून. आम्ही लहानपणापासून तिथे जीन्स घ्यायला जातो, दालपकवान खायला जातो, आणि भाव करताना नको ते बोलतोही. पण काउंटरवर बसलेली म्हातारी आजी बारा वर्षांची असताना कुठे होती, हे विचारावंसं मला कधीही वाटलं नव्हतं. पुस्तक संपल्यावर एकदा विचारलं. त्या आजींनी पाऊण तास सांगितलं. ते इथे सांगणार नाही, ते त्यांचं आहे.

आता शेवटचं.

'एल डेफो' वाचून झाल्यावर मी बरेच दिवस अस्वस्थ होते. आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात माझ्या बाकावरची ती मैत्रीण आहे. गुड मॉर्निंगची फुलं पाठवते, बाकी फार बोलणं नाही. मी तिला वेगळा मेसेज टाइप केला. लांबलचक. माफी वगैरे. परत वाचला तर त्यात सगळीकडे मीच होते. मला कसं वाटलं, मला कसं कळलं. काढून टाकला. शेवटी फक्त पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो पाठवला आणि लिहिलं, "हे वाचलं. तुझी आठवण आली. सहावीत मी तुझ्याशी फार मोठ्याने बोलायचे ना?"

दोन दिवस काही नाही. निळ्या टिका झालेल्या, उत्तर नाही. मी म्हटलं, संपलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज. आधी हसण्याच्या सात-आठ इमोजी. मग, "हो गं बाई! किती ओरडायचीस! खिशातलं मशीन आठवतं? तू बोलायला लागलीस की मी त्याचं बटण बंद करायचे. वर्षभर."

आणि त्याखाली, "पुस्तक मराठीत आहे का? मुलीला हवंय."

मी तिला म्हटलं, शोधते. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या रविवारी.